दगड कोट्यवधी वर्षांचा, कोरीवकाम परवाचं!

२०११ साली बीजिंगच्या एका लिलावात जेडचं एक शृंगारमेज आणि त्याच्या जोडीचं स्टूल २२ कोटी युआनला गेलं. काळ सांगितला होता हान घराण्याचा, म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. नक्षी झकास, ड्रॅगन काय, फीनिक्स काय! अडचण एकच होती. हान काळात चिनी माणसं स्टुलावर बसतच नसत. चटई अंथरायची, गुडघे मुडपायचे आणि खाली बसायचं. राजाराणीसुद्धा तशीच बसायची. पुढे जिआंग्सू प्रांतातल्या पिचोऊच्या जेडवाल्यांनी सांगून टाकलं की हा माल आमच्याकडचाच, २०१० सालचा. सूक्ष्मदर्शक वगैरे राहू द्या. ‘ही बाई बसायची कशावर?’ एवढं जरी कुणी विचारलं असतं, तरी २२ कोटींचा प्रश्न जागच्या जागी मिटला असता.

वय कुणाचं विचारताय?

जुन्या लाकडाचं, हाडाचं, कापडाचं वय कार्बनवरून काढता येतं. जेडला तो उपाय चालत नाही. त्यात मोजण्याजोगा सेंद्रिय कार्बन नसतो, आणि दगडाचं वय काढलं तरी हाती काय लागणार? काल कोरलेला बुद्ध आणि चार हजार वर्षांपूर्वीचं कंकण, दोन्हींचा दगड कोट्यवधी वर्षांचाच. आपल्याला हवी असते त्यावर माणसाचा हात कधी फिरला ती तारीख, आणि ती दगडात कुठेच नोंदलेली नसते. ती घासण्याच्या खुणांवरून, नक्षीच्या घाटावरून, मातीनं केलेल्या परिणामावरून आणि वस्तू कुठे सापडली यावरून ताडावी लागते. यातला शेवटचा पुरावा सगळ्यांत भक्कम. म्हणूनच दुकानदाराकडे नेमका तोच नसतो.

नाव एक, दगड दोन

जेड या एकाच नावाखाली दोन वेगळी खनिजं नांदतात, नेफ्राइट आणि जेडाइट. हा भेद फ्रेंच खनिजतज्ज्ञ अलेक्सी दामूर यांनी १८६३ मध्ये पक्का केला. चीनचं हजारो वर्षांचं जेड म्हणजे नेफ्राइट. त्याचा नामांकित माल खोतानच्या नद्यांतून यायचा, युरुंगकाशमधून पांढरा आणि काराकाशमधून काळपट. गडद, चमकदार हिरवं जेडाइट मात्र ब्रह्मदेशातलं. ते चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर येऊ लागलं ते अठराव्या शतकापासून.

खोटं पकडायला एवढी माहितीसुद्धा पुरते. कुणी हिरवंगार जेडाइटचं कंकण दाखवून ‘हान काळातलं आहे, साहेब’ म्हणालं, तर चहा प्या आणि उठा. तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयातली ती जगप्रसिद्ध जेडची कोबी, जिच्या पानांवर टोळ बसलेत, ती जेडाइटचीच. म्हणून तिला कुणी प्राचीन म्हणत नाही. ती एकोणिसाव्या शतकातली.

दोन्ही दगड ओळखायला घरातला डिजिटल काटाही चालतो. आधी वस्तू कोरडी तोला. समजा, ५९ ग्रॅम भरली. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा आता २० दाखवतोय? ५९ भागिले २०, म्हणजे २.९५. हे नेफ्राइटचं घरचं माप. जेडाइट ३.३ च्या पुढे जातं. उत्तर २.६ च्या आसपास आलं, तर हाती बहुधा सर्पेंटाइन आहे, किंवा क्वार्ट्झ. बाजारात ‘इंडियन जेड’ या झोकदार नावानं जे विकतात, तेही मुळात हिरवं क्वार्ट्झच. आपल्या देशाचं नाव बघून उगाच हुरळू नये.

सुरी खाली ठेवा

‘खऱ्या जेडवर सुरीचा ओरखडा उठत नाही’ हे अर्धसत्य फार पसरलंय. पोलाद साधारण साडेपाच कठीण, नेफ्राइट सहा ते साडेसहा, जेडाइट साडेसहा ते सात. इथवर ठीक. पण क्वार्ट्झ सात आहे, म्हणजे नकली माल या परीक्षेत पहिला येतो. उलट शतकानुशतकं ओल्या मातीत पडलेल्या अस्सल जेडचा पृष्ठभाग झिजून, खडूसारखा पांढरा पडून मऊ झालेला असतो. त्यावर ओरखडा मस्त उठतो. खोटं पास, खरं नापास, वर वस्तूचा सत्यानाश.

कोरत नाहीत, घासतात

‘जेडचं कोरीवकाम’ आपण सवयीनं म्हणतो, पण जेडवर छिन्नी चालत नाही. नेफ्राइटचे बारीक तंतू घोंगडीतल्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो फुटता फुटत नाही. मग उपाय एकच, जेडहून कठीण वाळू घ्यायची, पाणी घ्यायचं आणि घासत बसायचं. दोरी, बांबू, तांब्याची किंवा लोखंडाची चकती ही नुसती वाळू फिरवायची साधनं. कापते ती वाळू. आधी क्वार्ट्झची, पुढे गार्नेट आणि कुरुंदासारखी जास्त कठीण.

जाणकार भिंग लावतो ते या घासण्याच्या खुणा बघायला. अश्मयुगात दगड वाळू लावलेल्या दोरीनं कापत. दोरी हाताखाली वाकते, म्हणून कापलेल्या पृष्ठभागावर वळणदार खाचा राहतात. भोक पाडायचं तर पोकळ नळी दोन्ही बाजूंनी फिरवायची. दोन्हीकडची भोकं मधोमध भेटतात, पण तंतोतंत कधीच जुळत नाहीत. आत बारीकशी पायरी राहते आणि भोक तोंडाशी रुंद, मध्ये निमुळतं होतं. फिरत्या चकतीची रेघ वेगळी, दोन्ही टोकांना उथळ आणि मध्ये खोल. हिऱ्याची पूड लावलेल्या आजच्या विजेवरच्या हत्याराची रेघ तर आणखी निराळी. एकसारखी, समांतर, कुठेही न दमलेली.

ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत या खाचांचे सिलिकोननं ठसे घेऊन ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघितले गेलेत. मूळ वस्तूला धक्का नाही आणि खाचेचा तळ मात्र स्वच्छ दिसतो. त्यात कार्बोरंडमनं काम झाल्याचं दिसलं तर विषय संपला. तो कृत्रिम पदार्थ तयारच झाला १८९१ मध्ये, अमेरिकेत.

हे वाचून जुन्यांचं काम ओबडधोबड असणार असं वाटलं, तर लिआंगचू संस्कृतीच्या वस्तू बघा. काळ पाच हजार वर्षांपूर्वीचा. धातूचं हत्यार नाही, भिंग नाही. तरी त्यांच्या चौकोनी जेड-नळ्यांवरच्या देवमुखवट्यांत एका मिलिमीटरच्या रुंदीत तीन-चार रेघा ओढलेल्या आहेत. या नळ्यांना ‘त्सोंग’ म्हणतात. त्यातली सगळ्यांत नामी फानशान इथल्या थडग्यात सापडली, वजन साडेसहा किलो. उत्तम काम म्हणजे नवं काम, हा ठोकताळा इथे साफ आडवा होतो.

कुत्रं, मेंढी आणि आंबट पाणी

नवं जेड जुनं करायच्या कृती वाचताना पोटात ढवळतं. एकोणिसाव्या शतकातल्या चिनी जेडग्रंथांत त्या दिल्यात. कुत्रं मारायचं, जेड त्याच्या पोटात ठेवायचं आणि रहदारीच्या जागी पुरून टाकायचं. काही वर्षांनी काढलं की झालं ‘जुनं’. दुसरी कृती, जिवंत मेंढीच्या पायाला चीर द्यायची, छोटं जेड आत घालून शिवायचं आणि मेंढी चरायला सोडायची. काही वर्षांनी दगडात लालसर शिरा दिसाव्यात हा हेतू. मेंढीला कुणी विचारलं नाही. त्यामानानं बाकीचे उपाय सौम्य, म्हणजे धुरावलेल्या आंबट फळांच्या पाण्यात उकळणं, लोखंडाच्या किसात आणि शिरक्यात मुरवणं, नाहीतर भाजून हाडासारखं पांढरं करणं.

एवढा खटाटोप लाल रंगासाठी का? तर पुरलेल्या जेडमध्ये प्रेताचं रक्त मुरतं, अशी जुनी समजूत. प्रत्यक्षात ती लाली बहुतेक वेळा लोहाच्या गंजाची असते. पण ‘गंज’ म्हणून माल विकणं अवघड. ‘रक्त’ म्हटलं की किंमत चढते.

‘हे तर आमच्या आजोबांचं’

आता या धंद्यातला माझा सगळ्यांत आवडता किस्सा. छ्येनलुंग बादशहा (राज्यकाळ १७३५ ते १७९६) जेडवेडा होता. त्याच्याकडे एक पेला आला. रंग तपकिरी, अंगावर मातीनं खाल्ल्यासारखे खड्डे. बघताक्षणी हान काळाचा वाटावा असा. पण बादशहानं हात फिरवला तर बोटं अडकली. खऱ्या जुन्या जेडचा गुळगुळीतपणा नव्हता. त्यानं दरबारातला जेड कारागीर याओ त्सोंगरेन याला बोलावलं. याओनं पेला बघितला आणि सांगितलं, हा माझ्या आजोबांनी केलाय.

वर कृतीही सांगितली. मुळातच दोष असलेलं जेड निवडायचं. हिऱ्याच्या टोकानं अंगभर बारीक टोचे मारायचे. त्यावर अंबराचा लेप द्यायचा आणि मंद आचेवर ठेवायचं. आच भडकू द्यायची नाही, विझूही द्यायची नाही, रात्रंदिवस, वर्षभर. घाईत पुरून काढलेल्या भुरट्या मालाबद्दल याओला तुच्छताच होती. आजोबांचं काम वेगळं, घराण्याची विद्या! बादशहाला राग यायचा तर त्यानं या पेल्याबद्दल चक्क एक टिपण लिहिलं. बनावट वस्तूचा जन्मदाखला तिच्या कर्त्याच्या नातवानं द्यावा आणि तो बादशहानं नोंदवून ठेवावा, असा योग पुन्हा कुठे आला असेल असं मला वाटत नाही.

बादशहानं बिघडवलेलं

हाच पारखी बादशहा दुसरीकडे सपशेल चुकायचा. लिआंगचूच्या त्सोंग नळ्या त्याला रथाच्या दांड्याचे भाग वाटल्या. काहींवर त्यानं आपल्या कविता कोरवल्या, त्याही उलट्या. देवाचं तोंड खाली डोकं वर पाय, आणि बादशहाची ओळ सरळ! ब्रिटिश म्युझियममध्ये जेडची एक प्राचीन चकती आहे, चिनी भाषेत ‘बी’. ती वाडग्याखालची बैठक असणार असं ठरवून त्यानं १७९० मध्ये तिच्यावर कविता कोरवली. चाळीस हजारांवर कविता नावावर असलेल्या माणसाला रिकामी जागा दिसली की राहवत नसणार. आता या वस्तूंचं वय काय लिहायचं? आकार प्राचीन, मजकूर अठराव्या शतकाचा, आणि दोन्ही अस्सल.

कुबलाई खानाच्या मद्याच्या प्रचंड जेड-पात्राचं याहून भारी. १२६५ मध्ये तयार झालेलं, वजन सुमारे साडेतीन टन. राजवट गेली, पात्र राजवाड्याबाहेर पडलं आणि एका ताओपंथी मठात भाज्यांचं लोणचं मुरवायला लागलं. छ्येनलुंगनं ते विकत घेऊन परत आणलं, हे उत्तम केलं. पण मग चार वेळा त्यावर पुन्हा काम करवलं. आता कुठला लाटेचा फटकारा कुबलाईच्या कारागिराचा आणि कुठला छ्येनलुंगच्या, यावर अभ्यासक मान मोडून बसतात.

आपला संबंध येतो तो इथे. मुघल घाटाच्या जेडवर हा बादशहा फिदा होता. कागदासारख्या पातळ भिंती, कमळाच्या पाकळ्या, अकँथसची पानं, सोन्यात जडवलेली रत्नं. या कामाला तो ‘हिंदुस्तानी’ म्हणायचा, त्यावरही कविता कोरवायचा. मग दरबारी कारखान्यांतून त्याच्या चिनी नकला निघाल्या. आज एखादा वाडगा आग्र्याकडचा की बीजिंगचा हे ठरवणं हे स्वतंत्र कसब आहे. प्रत्यक्ष बघायची हौस असेल, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातून आलेलं चिनी जेड आहे. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात मुघल जेडचं दालनच आहे.

सही दिसली? जरा थांबा

मिंग काळातला सुचौचा लू झीगांग हा जेडचा सर्वांत नावाजलेला कारागीर. त्याच्या नावाची इतकी जेड-पदकं मिळतात की ती सगळी खरी असती, तर बिचाऱ्याला जेवायलाही सवड मिळाली नसती. बहुतेक पदकं त्याच्या नंतरची, त्याचं नाव घातलेली. गंमत म्हणजे उलटा प्रामाणिकपणाही आढळतो. छ्येनलुंगच्या कारखान्यातल्या कित्येक वस्तूंवर ‘जुन्याची नक्कल’ असं राजमुद्रेसकट कोरलेलं आहे. या कबूल केलेल्या नकला आज लिलावात चढ्या भावानं जातात.

आणि जुन्याची हौस काही अलीकडची नाही. शांग राणी फू हाओचं थडगं १९७६ मध्ये आन्यांगला सापडलं, चोरांचा हात न लागलेलं. त्यात जेडच्या ७५५ वस्तू निघाल्या. त्यातल्या काही होंगशान संस्कृतीच्या, म्हणजे राणीच्याही आधी दीड हजारांहून जास्त वर्षांच्या. सव्वातीन हजार वर्षांपूर्वी राणीसाहेब पुराणवस्तू जमवत होत्या.

काचेआडून पारख

हान राजपुत्र ल्यू शेंग इसवी सनापूर्वी ११३ मध्ये वारला. १९६८ मध्ये त्याचं थडगं उघडलं, तेव्हा अंगावर २,४९८ जेडच्या चिपांचा, सोन्याच्या तारेनं शिवलेला पोशाख होता. असे पोशाख थडगी फोडायचं निमित्त होतात म्हणून इसवी सन २२२ मध्ये वेई सम्राटानं त्यांच्यावर बंदीच घातली.

एकविसाव्या शतकात एका चिनी उद्योजकानं चिपा जमवून नवाकोरा पोशाख शिववून घेतला. पाच नामवंत तज्ज्ञांनी त्याची किंमत २४० कोटी युआन ठरवली आणि त्या कागदाचा उपयोग बँकेकडून कर्ज मिळवायला झाला. प्रकरण २०११ मध्ये गाजलं, तेव्हा कळलं की तज्ज्ञांनी पोशाख काचेच्या पेटीबाहेरूनच बघितला होता. छ्येनलुंगनं निदान हात तरी लावला होता.

तीस युआनचा ड्रॅगन

१९७१ मध्ये इनर मंगोलियातल्या एका गावात शेतकऱ्याला जमिनीत एक वाकडी, काळपट वस्तू सापडली. लोखंडाचा आकडा असावा असं वाटलं. घरातल्या पोरानं दोरी बांधून ती गावभर फरफटत नेली, तेव्हा घासून आतला हिरवा रंग दिसायला लागला. सांस्कृतिक केंद्रानं ३० युआन देऊन ती ठेवून घेतली. पुढे कित्येक वर्षं तिचं मोल कुणाच्या लक्षात आलं नाही. १९८०च्या दशकात होंगशान थडग्यांतून तशाच घाटाचं जेड निघालं, तेव्हा कुठे उलगडा झाला की हा पाच हजार वर्षांपूर्वीचा, सव्वीस सेंटिमीटर उंचीचा जेडचा ड्रॅगन आहे.

आता तो बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याची हुबेहूब भावंडं चीनच्या जुन्या बाजारांत पथारीवर मांडलेली असतात, आणि विकणारा हमखास सांगतो की हाही शेतातच सापडला.