अलिंदकंपावरील शल्यकर्मानंतरचे हृदय

शिर, हृदय व बस्ती या तीन मर्मांना आचार्य चरकांनी स्वतंत्र अध्याय दिला. त्यांपैकी हृदयाच्या गतिदोषावर आता लहान छेदाचे शल्यकर्म होते. शल्यकर्म नागपूरला होते. पुढचे कित्येक महिने मात्र रुग्ण यवतमाळ जिल्ह्यातील आपल्यासारख्या गावच्या वैद्याकडेच येतो. म्हणून हा लेखप्रपंच.

दारव्हा तालुक्यातील ६८ वर्षांचे एक शेतकरी धाप लागते म्हणून आले, तेव्हा त्यांची नाडी सर्वथा विषम होती. छातीवर मोजलेले ठोके मनगटावरील नाडीपेक्षा अधिक भरले. कित्येक ठोके इतके दुर्बळ की मनगटापर्यंत पोहोचतच नव्हते. हृदयरोगतज्ज्ञ ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात, तोच हा अलिंदकंप. छातीचे हाड न कापता, फासळ्यांमधील छिद्रांतून त्यांच्यावर दाहकर्म झाले.

या शस्त्रक्रियेचे मूळ रूप अमेरिकेत डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ साली छाती उघडून केले. पुढे १९९८ साली फ्रान्समधील बोर्दो येथील डॉ. मिशेल आइसागेर व सहकाऱ्यांनी दाखविले की, हे भ्रमित विद्युत्संकेत बहुधा फुप्फुसशिरांच्या मुखाशी उगम पावतात. तेव्हापासून त्या मुखांभोवती दाह करून संकेतांची वाट अडविली जाते. कधी अशा छिद्रांतून, तर अधिक वेळा जांघेतील शिरेतून नळी नेऊन.

महिन्याभराने ते परतले. नाडी सम, चेहरा प्रसन्न. "साहेब, ठोके तर नीट झाले, आता ते रक्त पातळ करायची गोळी बंद करू काय?" खरे सांगायचे तर, नाडीवर बोट ठेवून मीही क्षणभर होकार देणार होतो.

येथेच आपली फसगत होते. अलिंदाचे आकुंचन निलयाच्या भरणात सुमारे २० ते ३० टक्के भर घालते. लय परतली तरी ते आकुंचन लगेच परतत नाही. अलिंदाची मांसपेशी काही आठवडे बधिर राहते आणि अशा मंद अलिंदात रक्ताची गुठळी होऊ शकते. ती मेंदूत गेली तर पक्षाघात! पहिल्या तीन महिन्यांत लय पुन्हा बिघडली, तरी तेवढ्यावरून शल्यकर्म फसले असे मानत नाहीत. त्यानंतरही गोळीचा निर्णय नाडीवर नव्हे, वय, रक्तदाब, मधुमेह यांवर ठरतो. या गृहस्थांना दोन्ही विकार होते. गोळी चालू राहिली.

जलद गतीने थकलेला निलय मात्र पुष्कळदा सावरतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कॅसल-एएफ या अभ्यासात नळीद्वारे दाहकर्म केलेल्या दुर्बळहृदयी रुग्णांमध्ये मृत्यू व हृदयदौर्बल्यामुळे रुग्णालयात भरती होणे, दोन्ही केवळ औषधांवरील रुग्णांपेक्षा कमी आढळले.

आपल्या औषधांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. ज्वरात आपण सहज देतो त्या त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ असतो, आणि तो हृदयाची लय बिघडवू शकतो. दीर्घकाळ दिलेले यष्टिमधु रक्तातील पोटॅशियम घटवते. वॉरफेरिन घेणाऱ्यास गुग्गुळ वा लसूणकल्प देताना शल्यचिकित्सकाला विचारावे. मी तूर्त अर्जुनही दिलेला नाही; लघु आहार, मद्यत्याग आणि सकाळचे सावकाश चालणे एवढेच सांगितले आहे.

सहाव्या महिन्याची इको तपासणी अद्याप व्हायची आहे. तोवर दर पंधरवड्याला ते येतात आणि मी त्यांची नाडी व छातीचे ठोके, दोन्ही पूर्ण मिनिटभर मोजतो.