शस्त्रवैद्याचे नवे हात

मोठ्या इस्पितळांत आता 'रोबॉट शस्त्रक्रिया करतो' असे आपण ऐकतो. ते ऐकून एखाद्याची अशी समजूत होईल, की डॉक्टर बाजूला उभे राहतात आणि यंत्र आपल्याच बुद्धीने रोग्याचे पोट उघडते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. 'रोबॉट' हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला; त्याच्या मुळाशी असलेल्या चेक शब्दाचा अर्थ 'वेठ' असा आहे. शस्त्रक्रियागृहातील रोबॉट हा खराखुरा वेठबिगार होय. धन्याने हात हलविल्यावाचून तो तसूभरही हलत नाही.

या यंत्रांपैकी 'दा विंची' हे यंत्र विशेष प्रसिद्ध आहे. अमेरिकेत त्याला २००० साली मान्यता मिळाली. रोग्याच्या अंगावर लहान लहान छिद्रे पाडून त्यांतून यंत्राच्या चार भुजा आपली हत्यारे आत नेतात. एका भुजेवर कॅमेरा असतो, उरलेल्या तिघींवर चिमटे, कात्री अशी साधने असतात. शस्त्रवैद्य काही हात अंतरावर एका आसनावर बसतो. समोरच्या भिंगांतून त्याला शरीराचा अंतर्भाग सुमारे दहापट मोठा दिसतो. त्याने हात तीन सेंटिमीटर सरकविला, तर आतले हत्यार एकच सेंटिमीटर सरकेल, अशी योजना करता येते. हाताचा सूक्ष्म कंपही यंत्र गाळून टाकते. डोळे भिंगांपासून दूर झाले, की हत्यारे जागच्या जागी थांबतात.

इतके गुणी यंत्र लाभल्यावर नव्या डॉक्टरांचे शिक्षण सोपे झाले असेल, असे वाटणे साहजिक आहे. परंतु येथेच एक अडचण उभी राहिली. पूर्वीच्या पद्धतीत एका माणसाचे हात पुरत नसत. शिकाऊ डॉक्टर जखमेच्या कडा बाजूस धरी, रक्त टिपी, टाक्याचा दोरा कापी, आणि हे करता करता वीतभर अंतरावरचे गुरूचे हात पाही. सुताराचा मुलगा रंधा धरावयास असाच शिकतो. यंत्रावर बसलेला शस्त्रवैद्य मात्र एकटाच सारी हत्यारे चालवू शकतो. त्याला मदतनिसाची गरज उरली नाही, आणि शिष्याची शिकण्याची जागाच नाहीशी झाली! अमेरिकेतील मॅथ्यू बीन या संशोधकाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच दाखविले, की पुष्कळ शिकाऊ डॉक्टर नुसते पाहत बसतात. नुसते पाहून हात तयार होत नाही, हे कोणताही शिक्षक सांगेल. आणि मेजावर निजलेला रोगी कोणाचा तरी बाप, कोणाची तरी आई असते. त्याच्यावर पहिले धडे गिरवू देणार कोण?

आपल्या प्राचीन सुश्रुतसंहितेने हा प्रश्न ओळखला होता. शिष्याने आधी कोहळा, दुध्या, काकडी यांवर छेद घेण्याचा आणि कापडावर व मऊ कातड्यावर शिवण्याचा सराव करावा, असे तीत सांगितले आहे. आज कोहळ्याची जागा संगणकाच्या पडद्याने घेतली आहे. पडद्यावरील तारेवरून कडी न अडखळता पुढे न्यायची, नेमक्या ठिपक्यातून सुई काढायची, असे हे धडे असतात. किती वेळ लागला, हात वायफळ किती हलला, हत्यार नजरेआड किती वेळा गेले, याचे गुण यंत्रच देते. ते गुण देताना ते भीडमुर्वत ठेवीत नाही.

सर्वांत कठीण धडा स्पर्शाचा. यांतील बहुतेक यंत्रांत आतील ओढ बोटांना कळत नाही; नवशिका दोरा ओढून तोडून टाकतो. दोरा किती ताणला, मांस कोठे पांढुरके पडले, हे पाहून जोर ओळखावा लागतो. डोळ्यांनी स्पर्श करावयाचा, असेच म्हणा ना! २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या नव्या 'दा विंची' यंत्रात ही ओढ काही अंशी हाताला जाणवून देण्याची सोय आली आहे.

मग रोग्याजवळ उभे राहून भुजा जोडणे, हत्यारे बदलणे ही कामे शिष्य करतो. पुढे गुरू व शिष्य दोन आसनांवर बसतात. अशा जोडआसनाची सोय २००९ पासून झाली. दोघांना दृश्य एकच दिसते. गुरू पडद्यावर खूण करून जागा दाखवितो, आणि शिष्य चुकू लागला तर हत्यारे क्षणात आपल्याकडे घेतो. एकच शस्त्रक्रिया तुकड्यातुकड्यांनी शिकविली जाते. प्रोस्टेट ग्रंथी काढल्यावर मूत्राशय आणि मूत्रनलिका जोडणारे टाके घालणे हा त्यांतला अवघड तुकडा. शिष्याच्या वाट्यास तो सहसा पुष्कळ उशिरा येतो.