जुन्या रंध्याला नवे पाते

लोखंडी रंध्याचा सांगाडा शंभर वर्षे टिकतो, पाते मात्र प्रत्येक धारेला थोडे झिजते. झिजत झिजत ते मधल्या खाचेजवळ आले, की बदलण्यावाचून इलाज नसतो. आजच्या बहुतेक लोखंडी रंध्यांचा आराखडा लिओनार्ड बेली या अमेरिकी कारागिराचा. त्याचे पेटंट हक्क १८६९ मध्ये कनेक्टिकटमधील स्टॅन्ले कंपनीने विकत घेतले. पुढे शेफील्डच्या ‘रेकॉर्ड’ने १९३१ पासून तोच ढाचा वापरला आणि भारतातल्या ‘अनंत’नेही. त्यामुळे एकाचे पाते दुसऱ्यात बसते, असे सर्रास मानले जाते. रुंदीपुरते ते बव्हंशी खरे आहे: तीन नंबरला पावणेदोन इंची, चार आणि पाच नंबरला दोन इंची. घोळ होतो तो जाडीत.

स्टॅन्लेचे जुने पाते जेमतेम २ मिमी जाड. नवी पाती त्याहून जाड असतात. पाती घडवणारे रॉन हॉक यांनी कॅलिफोर्नियात लाकूडकाम शिकवणाऱ्या जेम्स क्रेनॉव्हच्या विद्यार्थ्यांसाठी सुरुवात केली. हॉक यांची किंवा कॅनडातल्या व्हेरिटासची पाती २.४ ते २.५ मिमी भरतात. जाड पाते कमी थरथरते हे खरे. पण थरथर पुष्कळदा पात्यामुळे नसतेच. फ्रॉग, म्हणजे पात्याची बैठक, सैल असते किंवा पात्यावरचा चिपब्रेकर, म्हणजे छिलका वळवणारी पट्टी, नीट टेकत नसतो. खरेदीआधी या दोन गोष्टी तपासल्या तर अनेकदा पैसे वाचतात.

पाते ४५ अंशांत झुकलेले असल्याने रंध्याच्या तोंडात ते आपल्या जाडीच्या सुमारे १.४ पट जागा घेते. अर्धा मिमी जाडी वाढली की तोंड ०.७ मिमीने आवळते आणि छिलका अडकू लागतो. आधी फ्रॉगचे स्क्रू ढिले करून तो मागे घ्यावा; मात्र त्याचा उतार तोंडाच्या मागच्या कडेशी एका पातळीत येईपर्यंतच. त्याहून मागे नेल्यास पाते त्या कडेवर टेकते, फ्रॉगचा आधार सुटतो आणि थरथर उलट वाढते. एवढ्याने भागले नाही, तरच कानस घ्यावी. तोंडाची पुढचीच कड घासायची, मागची कधीही नाही. गुण्यात रेघ आखून, चार-दोन हात मारून पाते बसवून पाहावे. बिडाला पुन्हा भर घालता येत नाही. दुर्मीळ रंध्याला कानस लावूच नये. त्यात मूळ जाडीचेच पाते घालावे.

दुसरी अडचण वरून दिसत नाही. खोली कमी-जास्त करणारी लोखंडी जीभ फ्रॉगमधून निघते, पात्याच्या खाचेतून वर येते आणि चिपब्रेकरच्या चौकोनी भोकात शिरते. पाते जितके जाड, तितकी ती भोकात कमी पोचते. नुसते टोकच अडकले तर पितळी चाक फिरवूनही पाते जागचे हलत नाही, किंवा उशिरा हलते. भोकापासून चिपब्रेकरच्या पुढच्या कडेपर्यंतचे अंतरही जुन्याशी जुळायला हवे, नाहीतर चाक संपते आणि धार तोंडाबाहेर येत नाही. म्हणून जुना जोड टाकून देण्यापूर्वी मोजून ठेवावा. पाते आणि चिपब्रेकर एकाच कारखान्याचे घेतले तरी ही मोजणी टळत नाही.

नवा चिपब्रेकर तसाच चढवू नये. त्याची खालची कड पात्याला सबंध रुंदीत टेकली पाहिजे. जोड उजेडासमोर धरल्यावर फट दिसली, तर तिथे छिलके घुसून चोंदणार. शेपटीची बाजू दगडाच्या पातळीखाली किंचित झुकवून ही कड घासली, की फक्त पुढचे टोक टेकते. पात्याची पाठही धारेजवळ सपाट करून चकाकवावी लागते. पाते ए-टू या प्रकारच्या पोलादाचे असेल आणि त्याला ३० अंशांहून निमुळती धार दिली तर ती कपची खाते.

चिपब्रेकरचे खरे काम बराच काळ दुर्लक्षित राहिले. जपानमधील यामागाता विद्यापीठाच्या कावाई आणि कातो यांनी कापणीचे सूक्ष्म चित्रण केले. पुढची कड ८० अंशांपर्यंत उभी आणि धारेपासून ०.१ मिमीवर असेल, तर छिलका लगेच वळतो आणि उलट्या रेषेचे लाकूडही उचकटत नाही, हे त्यात दिसते. म्हणजे बारीक कामासाठी महागडे पाते आणण्याआधी हे अंतर साधावे. स्क्रू आवळताना चिपब्रेकर सरकतो, हे धरून तो आधी थोडा मागे ठेवावा. जाडसर तासणीला अर्धा ते एक मिमी अंतर पुरते.

लाकडी रंध्यांचा हिशेब वेगळा आहे. त्यांचे जुने पाते धारेकडे जाड आणि शेपटीकडे पातळ होत जाते, त्यामुळे कामाच्या रेट्याने मागे सरकू लागले की पाचरीखाली आणखी आवळते. सारख्या जाडीचे नवे पाते घातले तर ही पकड जाते आणि पाचर नव्याने तासावी लागते. त्यापेक्षा जुन्या बाजारात उतरत्या जाडीचे पाते शोधणे बरे.