खुत्ब्यातली बारा नावं

भोरहून वरंध घाटाकडे निघालं की हिर्डोशी लागते. हा जुना हिरडस मावळ. भोरजवळच्या रोहिड्यावर, दरवाजाशी १६५६ सालचा मुहम्मद आदिलशहाच्या नावाचा शिलालेख आहे, मराठीत आणि फारसीतही. एकाच दगडावर या दोन भाषांचा शेजार कसा जमला, याचा माग काढताना मी विजापूरच्या मशिदीत पोचलो.

शुक्रवारच्या नमाजाआधी खतीब मिंबरावरून, म्हणजे मशिदीतल्या व्यासपीठावरून, खुत्बा (प्रवचन) वाचतो. त्यात नावं कुणाची घ्यायची, हे तेव्हा सुलतान ठरवी. राज्य कुणाचं हे रयतेला कळायचं ते नाण्यावरून आणि या खुत्ब्यावरून. १५०२च्या सुमारास विजापूरच्या यूसुफ आदिलशहाने शिया पंथ जाहीर केला आणि खुत्ब्यात बारा इमामांची नावं आली. शेजारचे सुलतान फौजा घेऊन धावले, यूसुफ वऱ्हाडात पळाला आणि नावं गेली. मुलगा इस्माईलने ती परत आणली, वर शिपायांच्या डोक्यावर बारा टोकांची लाल टोपी चढवली. १५३४मध्ये नातू इब्राहीम गादीवर बसला. टोपी बंद, नावंही बंद. १५५८मध्ये त्याच्या मुलाने, अलीने, पुन्हा शिया पंथ आणला. त्याच्यामागे नऊ वर्षांचा दुसरा इब्राहीम आला, कारभार दिलावर खानाने बळकावला आणि राज्य परत सुन्नी झालं. ऐंशी वर्षांत सहा पलट्या! विजापूरकर शुक्रवारी कान टवकारूनच बसत असतील.

पण खरी गंमत पहिल्या इब्राहीमची. इमामांच्या नावांबरोबर त्याने इराणी सरदारही घालवले, दख्खनी भरले, आणि इतिहासकार फिरिश्ता सांगतो की हिशेबाच्या दफ्तरातली फारसी काढून देशी भाषा आणली, कारकुनी ब्राह्मणांकडे दिली. भांडण पंथाचं दिसतं; माझ्या मते ते मुळात दरबारातल्या इराणी आणि दख्खनी गटांचं होतं. आपल्या लेखणीचं त्यात फावलं.

गावपातळीवर सरकारी धर्म दिसायचा तो काझीच्या रूपाने. त्याची नेमणूक सनदेने व्हायची. वतनाचा तंटा गोतसभेत आला की महजरावरच्या, म्हणजे निवाडपत्रावरच्या, हाजिर मजालसीत (हजर मंडळींच्या यादीत) देशमुख, देशकुलकर्णी, पाटलांबरोबर काझीचंही नाव लागे. आणि मुलाणा तर बारा बलुत्यांतलाच: बकरं हलाल करायचं, सुगीला खळ्यावर जाऊन आपल्या वाट्याचं धान्य न्यायचं. विजापुरी खुत्ब्यात कुणाचं नाव आहे, हे त्याला खळ्यावर कुणी विचारत नसे.