हाताच्या जखमा, वृक्षतोडीतील
झाडे तोडताना वा छाटताना कुऱ्हाड, कोयता, करवत इत्यादींनी हातास होणाऱ्या जखमा. बुलढाणा जिल्ह्यातील सातपुडा व अजिंठा रांगांच्या पानझडी वनांत तसेच शेतांच्या बांधांवर ही हत्यारे वापरात आहेत. फांदी धरणारा हात हत्याराच्या वाटेत येतो. बोटांच्या कंडरा, तंत्रिका व रोहिण्या त्वचेलगत असल्याने लहानशा जखमेतही त्या तुटू शकतात. रक्त थांबले, तरी बोट वाकत नसल्यास वा बधिर असल्यास शस्त्रक्रिया लागते; विलंबाने बोट कायमचे निकामी होऊ शकते. प्रथमोपचारात जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरतात. माती वा शेण लावल्यास धनुर्वाताचा धोका वाढतो. तुटलेले बोट ओलसर कापडात गुंडाळून, पिशवीत बंद करून बर्फावर ठेवतात. बर्फाचा थेट स्पर्श टाळतात.