चौकातलं सर्कल: काढायचं की ठेवायचं?

ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं असं कळवणारे बरेच जण आहेत, त्यांच्यासाठी या भागाचं हे शब्दांकन. बोलताना तेच तेच आलेलं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

विषय आमच्या गावातूनच आला. शाळेजवळच्या चौकात एक सर्कल आहे, मधोमध बंद पडलेलं कारंजं. ते काढून सिग्नल बसवायचा ठराव आता नगरपरिषदेत येतोय. एक गट म्हणतो, सर्कलमुळे कोंडी होते. दुसरा म्हणतो, ती गावाची ओळख आहे, हात लावायचा नाही. दोन्हीकडचं ऐकलं. शाळा सुटल्यावर तो चौक ओलांडणाऱ्या पोरांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून म्हटलं, सर्कल मुळात काम कसं करतं ते आधी बघू.

चार रस्ते मिळतात अशा साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना छेदतात, मिळतात किंवा फुटतात अशा ३२ जागा असतात. एकपदरी सर्कल केलं की त्या ८ उरतात. पण खरी गंमत आकड्यात नाही. सिग्नल तोडून आलेली गाडी तुमच्या दाराला काटकोनात धडकते, ती धडक जीवघेणी. सर्कलमध्ये सगळे एकाच दिशेने फिरत असल्यामुळे धडक झालीच तर तिरकी, घासून जाणारी होते. आणि वेग? साठऐवजी तीसच्या वेगाने गाडी आली तर धडकेतली ऊर्जा निम्मी नाही, पाव होते. रस्त्यात उभ्या असलेल्या पोरासाठी हा फरक केवढा, ते वेगळं सांगायला नको.

मात्र चौकात गोल बांधला की झालं, असं नाही हं. इंग्लंडमध्ये पूर्वी मोठमोठी सर्कलं होती आणि ती ठप्प व्हायची, कारण आत शिरणाऱ्याने थांबायचं की आत फिरणाऱ्याने, हे पक्कं नव्हतं. फ्रँक ब्लॅकमोर नावाच्या तिथल्या वाहतूक अभियंत्याने यावर बरंच काम केलं. १९६६ मध्ये ब्रिटनने नियम केला: आत आधीच असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. पॅरिसच्या विजयकमानीभोवतीच्या प्रचंड सर्कलमध्ये आजही उलटं चालतं, आत शिरणाऱ्याचा हक्क पहिला. तिथली सर्कस बघायला लोक मुद्दाम थांबतात. आपल्याकडे २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमांतही सर्कलमध्ये आधीपासून असलेल्यालाच प्राधान्य आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणजे सोप्या भाषेत, उजवीकडून फिरत येणाऱ्याला जाऊ द्या. आता मनाशी आठवून बघा, शेवटचं असं कुणाला थांबलेलं पाहिलंत?

हा वाद एका गावाने कसा निभावला ते सांगतो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं कार्मेल, वस्ती लाखभर. जिम ब्रेनर्ड १९९६ ते २०२३ तिथले महापौर होते. इंग्लंडमध्ये असताना त्यांनी सर्कलं पाहिली होती. सुरुवातीला अर्थातच विरोध झाला. अमेरिकन माणसाला सिग्नलची सवय. पण एकेक करत आज तिथे दीडशेहून जास्त सर्कलं आहेत. वीज गेली तरी चौक चालू राहतो, हे आपल्यासारख्या भारनियमन सोसलेल्यांना लगेच पटेल. अपघाती मृत्यूंचं प्रमाण देशाच्या सरासरीच्या बरंच खाली आहे. अर्थात गाव श्रीमंत, रस्ते चांगले, तेव्हा सगळं श्रेय सर्कलला देता येणार नाही. खर्च आणि शहरावरचं कर्ज यावरून निवडणुकांत ब्रेनर्डना बरंच ऐकावंही लागलं. पण फक्त त्या गावावर विसंबायची गरज नाही. अमेरिकेतले २४ चौक सर्कलमध्ये बदलल्यानंतरचा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकूण अपघात सुमारे ३८ टक्क्यांनी घटले, पण माणसं जखमी होणारे अपघात ७६ टक्क्यांनी. म्हणजे पत्रा चेपण्याचे प्रकार राहतात, हाडं मोडण्याचे कमी होतात.

आता दुसरी बाजू. दोन-तीन पदरी सर्कलमध्ये हा फायदा बराच पातळ होतो. सायकलवाल्यांसाठी अशी सर्कलं धोक्याची ठरू शकतात. आणि अंध माणसाची मोठी अडचण: सिग्नलला गाड्या थांबल्या की आवाजावरून कळतं, सर्कलमध्ये घरघर कधी थांबतच नाही. म्हणून झेब्रा क्रॉसिंग सर्कलच्या तोंडावर नको, एखाद-दोन गाड्यांचं अंतर सोडून मागे हवं. मध्ये दुभाजकाचं बेट हवं, म्हणजे एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या बघून अर्धा रस्ता ओलांडता येतो.

हे सगळं डोक्यात घेऊन परवा संध्याकाळी आमच्या चौकात तासभर उभा राहिलो. (चहा दोन वेळा झाला.) चौघांपैकी तीन रस्ते सरळ आत घुसतात, गाडीला वळवणारा बाक कुठेच नाही, सर्कल आपलं मधोमध झाकणासारखं ठेवलेलं. मोटारसायकली वेग न मोडता आरपार जातात. आत शिरताना थांबण्याची रेघ नाही. एका तोंडाशी रिक्षा स्टँड, दुसऱ्याशी पाणीपुरीच्या गाड्या, त्यामुळे उजवीकडचं दिसतच नाही. झेब्रा पट्टे पुसलेले, आणि होते तेही थेट कारंज्याकडे नेणारे! चौकाच्या मध्यभागी पायी जायला वाटच असू नये, तिथे आमच्याकडे बाक टाकलेत बसायला.

म्हणजे कोंडी होते हे खरं, पण ज्याला आपण सर्कल म्हणतोय ते सर्कलचं काम करतच नाहीये. सिग्नल बसवला तर त्याची देखभाल कोण करणार, रात्री दहानंतर तो पिवळा लुकलुकत ठेवणार का, हेही विचारायला हवं. मी स्वतः सर्कल ठेवावं या बाजूचा आहे, पण कारंज्यासाठी नाही. आधी शंकू आणि वाळूची पोती ठेवून तोंडं अरुंद करा, पांढऱ्या रेघा मारा, महिनाभर बघा. त्याला निविदा काढावी लागेल एवढाही खर्च नाही.

सभा सोमवारी आहे. नागरिकांना बोलू देतात की नाही ठाऊक नाही, पण लेखी निवेदन देता येतं. ते तयार आहे, शाळेच्या बाईंनीही सही केलीय. काय झालं ते पुढच्या भागात सांगतो.