१ मीटर ६० सेंटिमीटर

जुलै २०१४ मध्ये अमेरिकेतील युजीन येथे जागतिक ज्युनियर अॅथलेटिक्स स्पर्धा झाली. ब्रिटनच्या मॉर्गन लेक ह्या १७ वर्षांच्या मुलीने तिथे १.९३ मीटर उंच उडी मारून सुवर्णपदक घेतले. हेप्टॅथलॉनचे सुवर्णही तिनेच नेले. वीस वर्षांखालच्या मुलामुलींची ही वेगळी जागतिक स्पर्धा १९८६ साली सुरू झाली. त्याआधी ती सोय नव्हती. पोरगी सोळाची असली तरी ऑलिम्पिकला मोठ्या बायकांबरोबरच उडी मारायची, आणि पलीकडे गादी नाही, वाळू!

अशीच एक पोरगी म्हणजे लंडनची डोरोथी ओडम. १९३६ साली ती बर्लिन ऑलिम्पिकला गेली तेव्हा तिचे वय होते १६. पण तिच्याबद्दल सांगण्याआधी तिथे जी नव्हती तिच्याबद्दल सांगायला हवे, कारण ती आपली होती.

ग्रेटेल बर्गमन, जर्मनीतील लाउपहाइम गावच्या यहुदी घरातली. १९३३ मध्ये हिटलर आला आणि उल्मच्या क्लबने तिचे नाव काढून टाकले. ती इंग्लंडला आली, लंडनच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकू लागली आणि १९३४ मध्ये १.५५ मीटर उडी मारून चक्क ब्रिटनची विजेती झाली. मग नाझी सरकारनेच तिला परत बोलावले. प्रेमाने नव्हे हो! यहुदी खेळाडूंना वगळले तर अमेरिका ऑलिम्पिकवर बहिष्कार घालील ही भीती होती. घरची माणसे जर्मनीत अडकलेली, त्यांना त्रास देण्याची धमकी. काय करणार? गेली.

जून १९३६ मध्ये स्टुटगार्टला तिने १.६० मीटर उडी मारून जर्मन विक्रमाची बरोबरी केली. १५ जुलैला अमेरिकेचा संघ बोटीने निघाला. ग्रेटेलला आलेल्या पत्रावर तारीख होती १६ जुलै! तुमची कामगिरी पुरेशी नाही, संघात घेता येत नाही, स्पर्धा पाहायला उभे राहण्याचे तिकीट मात्र फुकट मिळेल. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा. ह्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे. उंच उडीत जर्मनीला तीन जागा होत्या, त्यांनी दोनच भरल्या.

आता बर्लिनचा निकाल बघा. डोरोथी, हंगेरीची इबोल्या चाक आणि जर्मनीची एल्फ्रीडे काउन, तिघीही १.६० वर अडकल्या. म्हणजे ग्रेटेलचीच उंची. डोरोथीने ती पहिल्याच प्रयत्नात पार केली होती. आजच्या नियमाने सुवर्ण तिचेच, पण तेव्हा पुन्हा उडी घ्यायला लावत. त्यात चाक १.६२ गेली. डोरोथीला रौप्य. आणि गंमत म्हणजे ही चाकही यहुदीच! हिटलरच्या स्टेडियममध्ये एक यहुदी मुलगी हटवली, तर दुसरीने सुवर्ण नेले.

चौथी आलेली जर्मनीची डोरा रात्येन. १९३८ मध्ये पोलीस चौकशीत ती पुरुष असल्याचे ठरले व तिचा जागतिक विक्रम रद्द झाला.

डोरोथीचे नशीब पुन्हा फिरले १९४८ मध्ये, आपल्याच शहरात, वेम्बलीला. आता ती दोन मुलांची आई, लग्नानंतरची डोरोथी टायलर. ती आणि अमेरिकेची अॅलिस कोचमन दोघींची उडी १.६८. पण नियम बदललेला! कोचमनने पहिल्या प्रयत्नात केले, डोरोथीने दुसऱ्यात. परत रौप्यच. जो नियम बर्लिनला असता तर ती जिंकली असती, त्याच नियमाने ती लंडनला हरली.

सप्टेंबर २०१४ मध्ये ९४ व्या वर्षी ती गेली, मॉर्गन लेकच्या सुवर्णानंतर दोनच महिन्यांनी.

ग्रेटेल १९३७ मध्येच अमेरिकेला निघून गेली आणि त्या वर्षी व पुढल्या वर्षी तिथलीही विजेती झाली. तिची १.६० ची उडी जर्मनीच्या विक्रमांत पुन्हा लिहायला २००९ साल उजाडले. तेव्हा ती ९५ वर्षांची होती. २०१७ मध्ये, १०३ वर्षांची होऊन, ती न्यूयॉर्कला वारली.